म्हाताऱ्या इंजिनाचं पथ्य

लातूरच्या क्लासमध्ये मी वर्षानुवर्षं फिजिक्स शिकवलं. त्यात द्रवांचा चिकटपणा हा धडा म्हणजे माझा हुकमी एक्का. काचेच्या उंच नळीत ग्लिसरीन भरायचं आणि वरून छोटी पोलादी गोळी सोडायची. ती रमतगमत खाली जाते आणि मागच्या बाकावरची पोरं उभी राहून बघतात. एवढा एक्का हातात असून मी माझ्या वडिलांच्या गाडीत चुकीचं तेल घातलं. तेही घाईगर्दीत नाही, भर वर्गात प्रयोग करून, दीडशे मुलांच्या साक्षीनं.

गाडी म्हणजे काळी अँबॅसिडर. बाबा लोह्याला डॉक्टर होते आणि ती गाडी त्यांच्याशिवाय कुणी चालवायची नाही असा घरातला कायदा होता. "ह्यांनी मला माहेरी एकटीला पाठवलं, गाडीला कधी नाही," असं आई म्हणायची. भूकंप झाला त्या सकाळी बाबांनी मलमपट्टीचं सामान डिकीत भरलं, औशापलीकडच्या गावांकडे निघाले आणि पंधरा दिवस परतले नाहीत. मागचं सीट काढून तिथं जखमींना झोपवायचं आणि लातूरला दवाखान्यात पोचवायचं, हेच चाललं होतं. नंतर सीट परत बसवलं, पण बाबा त्यावर कधी बसले नाहीत. दरवर्षी त्या तारखेला मात्र ते तिकडच्या एका गावाला जायचे. कुणाकडे, असं विचारलं की "एक ओळखीचे आहेत" एवढंच उत्तर.

बाबा निवृत्त होऊन नांदेडला राहायला आले, आणि काही वर्षांनी डोळ्यांनी दगा दिला. तेव्हा त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली, पण सोडली नाही.

"वर्षभर वापरून बघ. त्या दिवशी मला गावाला नेऊन आण. रस्त्यात बंद पडली तर विकून टाकतो. आणि तेल बदलताना उस्तादांना विचार."

उस्ताद म्हणजे नांदेडचे मिस्त्री. तीस वर्षं त्या गाडीचं बॉनेट त्यांनीच उघडलं होतं.

"विकून टाकतो" हे शब्द मला फार लागले. चाळिशी उलटलेली बाई मी, निम्मं लातूर मला मॅडम म्हणतं, आणि बाप माझी परीक्षा घेतो! खरं सांगायचं तर त्यांनी एकदा तरी "जमलं तुला" म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असलं की त्यांचा डोळा लागायचा नाही. माझ्या शेजारी बसले तर ब्रेक नसलेल्या जागीही पाय दाबायचे.

काही महिन्यांनी तेल बदलायची वेळ आली. उस्तादांना फोन करणं मला कमीपणाचं वाटलं. गोलाईच्या गोल बाजारपेठेतल्या एका दुकानात गेले, तर दुकानदार माझा जुना विद्यार्थी निघाला. लातुरात हे टळत नाही. इथे ट्रॅफिकचा पोलीस शिट्टी मारून गाडी थांबवतो आणि वाकून नमस्कार करतो.

त्यानं दोन डबे पुढे ठेवले. एकावर वीस-पन्नास लिहिलेलं, दुसऱ्यावर पाच-तीस. आकडे लहान तेवढं तेल पातळ, हे मला ठाऊक होतं.

"जुन्या गाडीला लोक घट्टच नेतात, मॅडम," तो म्हणाला. "पण हे पातळ लई भारी हाय. नव्या गाड्यांना हेच लागतंय."

मी दोन्ही डबे घेतले आणि वर्गात दोन नळ्या मांडल्या. घट्ट तेलात गोळी सावकाश उतरली, पातळ तेलात तिनं सरळ तळ गाठला. मी विजयी मुद्रेनं विचारलं, "सत्तरीच्या माणसाला काय द्याल, पुरणपोळी की पातळ पेज?"

"पेज!" अख्खा वर्ग ओरडला.

माझाही दोष नव्हता. लहानपणी दवाखान्याच्या पडद्याआडून मी बाबांचं एकच वाक्य ऐकत आले होते, "आता वय झालंय, हलकं खा, पातळ खा." तेच पथ्य मी आता त्यांच्यावर लादलं होतं. पातळ वरण, मऊ भात आणि तूप बंद. मग गाडीनं काय घोडं मारलं होतं? तिलाही पेज पाजली.

आठवड्याभरात क्लाससमोर गाडीखाली वाटीएवढा डाग दिसायला लागला, मग ताटाएवढा. इंजिन टकटक करायला लागलं. तापल्यावर गाडी जरा कुठे थांबली की तेलाचा लाल दिवा लुकलुकायचा. मी गाडीखाली पुठ्ठा सरकवला, वरचेवर तेल ओतत राहिले आणि बाबांना फोनवर "गाडी मजेत आहे" सांगत राहिले. "मॅडम, पेज बाधली वाटतं," असं एक मुलगी म्हणाली, तिला मी वर्गाबाहेर काढलं.

ठरल्या दिवसाच्या आदल्या दुपारी, डिकीत त्याच तेलाचे डबे भरून, मी नांदेडला पोचले. सकाळी बाबा शेजारी येऊन बसले. मी गाडी चालू केली. त्यांनी डोळे मिटले, रुग्णाची छाती तपासताना मिटायचे तसेच.

"हिला काय पाजलंस?"

मी घाईघाईनं गिअर टाकला.

"उस्तादांकडे घे."

उस्ताद नुकतंच शटर वर करत होते. त्यांनी काही न विचारता तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली आणि तेल अंगठ्यानं बोटावर चोळलं.

"बेटी, हे तेल न्हाई, शरबत हाय. कुनी सांगितलं?"

"मीच ठरवलं. जुनं इंजिन, म्हणून हलकं दिलं."

उस्ताद हसत हसत स्टुलावरच बसले. "म्हातारपणी इंजिनाचे सांधे ढिले व्हतात का घट्ट?"

"ढिले."

"मंग ढिल्या सांध्यात पातळ तेल थांबंल का? गळून जातंय. त्यात इंजिन तापलं की आनखी पातळ व्हतंय. हिला घट्टच पायजे."

तापलं की तेल पातळ होतं! हे माझ्याच नोट्समध्ये, प्रयोगाच्या पुढच्याच पानावर, चौकटीत छापलेलं होतं. मी तेल पंख्याखाली तपासलं आणि ओतलं धगधगत्या इंजिनात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी विकायची गोष्ट बाबा आता काढतील, मग काढतील, म्हणून मी त्यांच्याकडे बघणंच टाळलं.

खालच्या घमेल्यात माझं शरबत ठिबकत होतं. बाबा त्याकडे बघत बोलायला लागले.

"भूकंपाच्या चौथ्या दिवशी गाडीतलं तेल संपत आलं होतं. तिकडे एक दुकान उभं नव्हतं. एका माणसाचं घर पडलं होतं, आई गेली होती. विहिरीवरच्या इंजिनाचं तेल त्याच्या शेतात शिल्लक होतं. तो डबा त्यानं माझ्यापुढे आणून ठेवला. काकवीसारखं घट्ट तेल. मला वाटलं, हे घातलं तर इंजिन जाम होणार. पण घातलं. पुढचे सगळे दिवस गाडी पळाली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मला अक्कल तिथं आली. तुला आज इथं आली. चल, चालव."

मला रडू आलं. उस्तादांनी हात पुसायचं फडकं पुढे केलं, मी तेच घेतलं आणि तोंड काळं करून घेतलं. दोघेही मनसोक्त हसले.

घट्ट तेल भरून निघालो आणि दुपारी गावात पोचलो. नव्या वसाहतीच्या तोंडाशी तो माणूस उभा होता, आता केस पांढरे झालेला.

"डागदरसाहेब, कवापासून वाट बघायलोय!"

पण त्यानं आधी बॉनेट उघडलं, पट्टी ओढली, बोटावर तेल चोळलं. "झ्याक हाय," म्हणाला, आणि मग बाबांना मिठी मारली. दरवर्षीची रीत हीच, असं त्याच्या सुनेनं सांगितलं.

जेवायला घट्ट पिठलं, भाकरी आणि कढवलेलं तूप होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुपाची वाटी उचलली आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या पिठल्यावर रिकामी केली.

निघताना मी त्यांच्यासाठी पुढचं दार उघडलं. ते पुढे आलेच नाहीत. मागचं दार उघडून सीटवर ऐसपैस बसले. "सावकाश घे," एवढंच म्हणाले. औसा ओलांडलं आणि मागून घोरणं ऐकू आलं.

रात्री बाबांचा मुक्काम लातूरला माझ्याकडेच होता. लातूर येईपर्यंत लाल दिवा एकदाही लागला नाही. माझं तिकडे फारसं लक्षही नव्हतं. आरशात बाबा तोंड उघडं टाकून झोपले होते. माझ्या घराची गल्ली आली, पण मी आत वळले नाही. तशीच पुढे गेले आणि गोलाईला आणखी दोन चकरा मारल्या.