हात लावायचं संग्रहालय

काम संपलं की फाइल बंद होते, हार्डडिस्क कपाटात जाते. किस्से मात्र कुठल्याच कपाटात मावत नाहीत. चहाला बसलं की एक निघतो, त्याच्या मागून दुसरा, आणि चहा गार!

आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या एका छोट्या इतिहास संग्रहालयात टचस्क्रीन, प्रोजेक्टर वगैरे बसवायचं काम आम्हाला मिळालं होतं. आम्ही म्हणजे मी आणि प्रतिभा. दिसतं ते मी करायचो, ऐकू येतं ते ती. ती धडगावची, डोंगरातल्या बोली तिला घरच्याच.

*

पहिल्या दिवशी टचस्क्रीन सुरू केली. लोक यायचे, बघायचे आणि हात मागे बांधून पुढे जायचे. तासाभरात एकानेही बोट लावलं नाही! चौकशी केली तर दारातले वॉचमन भटूभाऊ प्रत्येकाला बजावत होते, "कशालाच हात लावू नका!"

मी म्हटलं, "भटूभाऊ, हे हात लावायलाच केलंय."

"पंधरा साल तेच म्हणी ऱ्हायनू," ते म्हणाले, "आते जीभ वळस नही!"

शेवटी 'हात लावा' असा मोठा बोर्ड लावला. दुपारी भटूभाऊ धापा टाकत आले. "साहेब, बोर्ड वाचीसन लोके तलवारले बी हात लाई ऱ्हायनात!"

*

सारंगखेड्याच्या घोडेबाजारावर एक खेळ केला होता. भिंतीवर घोडा चालतो. त्याची चाल बघून तो घ्यायचा की नाही, हे आपण ठरवायचं. त्या चालीवर मी दोन महिने घातले होते. तपासायला एका जुन्या व्यापाऱ्याला बोलावलं. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामा भिंतीसमोर बसले, दहा मिनिटं घोडाच निरखत राहिले. मी मनात खूश!

मग म्हणाले, "हाऊ घोडा मांगला डावा पायमा लंगडा शे."

एवढ्यावर थांबले नाहीत. पंच्याहत्तरीचा माणूस उठला, धोतर खोचलं आणि हॉलभर घोडा होऊन चालून दाखवलं. मी मोबाइलवर शूट केलं. आज भिंतीवरचा घोडा माझा आहे, चाल मामांची!

*

मोलगीकडच्या एक बाई आल्या. स्क्रीनवर बोट दाबतात, काही होईना. पुन्हा दाबतात, काही नाही. शेतात आणि जंगलात राबून बोटाची कातडी लाकडासारखी झालेली. स्क्रीनला ते बोट वाटेचना! मला ओशाळल्यासारखं झालं. त्या मात्र शांत.

"राहू दे भाऊ," म्हणाल्या. "रेशनच्या मशीनला पण मी दिसत नाही."

त्याच आठवड्यात आम्ही सगळीकडे लाकडाची मोठी बटणं बसवली.

*

खऱ्या दगडी जात्याला सेन्सर लावला होता. जातं फिरलं की ओव्या सुरू, थांबलं की बंद. एके दिवशी जातं फिरतंय, पण ओव्या गप्प. प्रतिभाने खोललं तर सेन्सरवर पीठ! ज्वारीचं, ताजं!

कळसाडीच्या एक आजी लेकीकडे मुक्कामाला आल्या होत्या. काल जातं बघून गेल्या आणि आज पदरात ज्वारी बांधून आल्या. प्रतिभाने विचारलं, तर उलट तिलाच दटावलं, "रिकामं जातं फिरावू नही, पोरी!"

सेन्सरला झाकण झालं. जात्याशेजारी ज्वारीची वाटी आता संग्रहालयच ठेवतं.

*

आणि हा वेस्तादादांचा.

जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावला की गावातली जाणती माणसं आपली हकिगत सांगतात, असं एक दालन आहे. आज तिथे वेस्तादादा आणि त्यांचा धाकटा भाऊ रुमशा, दोघे मिळून बोलतात. आधी तसं नव्हतं. आधी वेस्तादादा एकटेच होते. डोंगरातली जमीन मी कशी साफ केली, घर मी कसं उभं केलं, लाकडं मी कशी वाहिली, असं सांगत होते. प्रतिभाने त्यांच्या अंगणात बसून रेकॉर्ड केलं होतं. फार सुंदर बोलले होते.

या दालनाच्या उद्घाटनाला दोघे भाऊ जीपने आले. वेस्तादादांनी रिसीव्हर उचलला. एकदा ऐकलं. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा ऐकलं. रुमशा शेजारी हात पुढे करून उभा, माझी पाळी कधी येते म्हणून. वेस्तादादा रिसीव्हर देईनात! तिसऱ्यांदा ऐकलं, मग रिसीव्हर तसाच छातीशी धरून मला हाक मारली.

"हे बंद कर."

"का हो दादा? आवाज नीट येत नाही?"

"आवाज चांगला आहे. पण हा म्हातारा खोटं बोलतो. घर दोघांनी बांधलं."

मी हसत म्हटलं, "अहो दादा, तो म्हातारा म्हणजे तुम्हीच!"

वेस्तादादांनी एकदा रुमशाकडे पाहिलं.

"म्हणून तर मला माहीत!"