निळ्या नावेवरचं डांबर

आष्ट्याकडच्या कृष्णाकाठी कृष्णात अंबी नाव चालवायचा. नावेच्या तळाला तो दर उन्हाळ्यात स्वतः डांबर फासायचा, पण वरच्या फळ्यांचा निळा रंग त्याच्या लेकाचा, जोतिबाचा होता. पलटणीतून रजेवर आला तेव्हा जोतिबानं पुण्याहून निळ्या रंगाचे डबे आणले आणि चार दिवस उन्हात बसून नाव रंगवली. मग तो बोटीनं लढाईवर गेला. सिंगापूर पडल्यापासून त्याचा ठावठिकाणा नव्हता.

बेचाळीसच्या दसऱ्यानंतर एके सकाळी कृष्णात घाटावर आला, तर निळ्या फळ्यांवर डांबरानं हातभर मोठी अक्षरं: ‘चले जाव’. रात्रीत कुणी लिहिली, कुणाला ठाऊक. हवालदारही पाठोपाठ आलाच.

"सांजच्याला फौजदारसायेब नदी उतरणार हाईत. तवर हे दिसता कामा न्हाई. न्हाईतर नाव जप्त आन् तू आत."

कृष्णातला डांबर ठाऊक होतं. खरवडलं तर खालचा रंग त्याच्याबरोबर निघणार. त्यानं बायकोला, बनुबाईला घरचं शेंगतेल आणायला सांगितलं. आधी कडेच्या एका ठिपक्यावर लावून बघितलं. तेल मुरू दिलं, जुन्या लुगड्याच्या मऊ चिंधीनं हलक्या हातानं टिपलं. डांबर सुटलं, निळा रंग जागेवर राहिला.

"निघतंय बगा!" बनुबाई म्हणाली.

"निघतंय, पर दमानं. घासू नगंस, नुसतं टीप."

दोघं गुडघ्यांवर बसून टिपत राहिली. दुपार कलली तेव्हा कुठं ‘च’ गेला होता. हवालदार जेवून आला, बघितलं आणि भडकला.

"अजून येकच अक्षर? फौजदारसायेबाम्होरं माझी अब्रू घालवतोस व्हय रं?" त्यानं शिपायाला रॉकेल आणि विटांचे तुकडे आणायला पिटाळलं.

"आवं हवालदारसाब, पोरानं लावलेला रंग हाय. त्यो लढाईवर गेलाय, सरकारच्याच."

हवालदारानं तोंड फिरवलं. म्हणाला, "मी काय करू, गड्या? मला बी वरून हुकूम हाय."

शिपायानं रॉकेल ओतून विटेनं घासायला घेतलं. निळं रॉकेल ओघळून वाळूत जिरलं. बनुबाईनं पदर तोंडात धरला. कृष्णात नुसता उभा होता. शिपायाचा हात धरायला जावं, तर नाव जाईल आणि तुरुंगही. न धरावा, तर हे असं. अर्ध्या घटकेत फळ्या उघड्या पडल्या. फौजदार आला, नदी उतरून गेला. नावेकडं त्यानं बघितलंही नाही.

आठवड्यानं गावातला, चळवळीत असलेला मानसिंग घाटावर आला. मान खाली घालून म्हणाला, "कृष्णातमामा, ती अक्षरं मीच लिहिली. चूक झाली. मी दुसरा रंग आणून देतो."

कृष्णातला राग आणावासा वाटला, पण आला नाही. पोर काही वाईटासाठी झिजत नव्हतं.

"आन की. पर त्यो जोतिबाच्या हातचा कसा आनशील, बाबा?"

मानसिंग परत गेला. कृष्णातनं फळ्या तशाच ठेवल्या. लढाई संपली, गावची दोन पोरं परतली. जोतिबाचं कुणाला काही सांगता आलं नाही. आणखी दोन पावसाळ्यांत फळ्या भिजून-वाळून तडकल्या, पाणी आत येऊ लागलं. शेवटी एका उन्हाळ्यात कृष्णातनं अख्खी नाव डांबरानं काळी केली. बनुबाईनं डांबराचं भांडं धरलं होतं.