नोटांच्या दिव्याखालचा देव

ज्याच्या तेजोमय स्तंभाचा तळ विष्णूला लागला नाही आणि शेंडा ब्रह्मदेवाला सापडला नाही, त्या शंभूच्या चरणी मस्तक ठेवून हे लिहावयास घेतो. निमित्त असे की, उद्या श्रावणातला पहिला सोमवार आहे आणि जळकोटचे आमचे व्याही बेलाची पाने घेऊन नांदेडला यावयाचे आहेत. ते देवळात जाणार नाहीत. कुठे जाणार, ते ओघाने येईलच.

मी हयातभर संस्कृत शिकवले. व्याह्यांनी हयातभर किराणा दुकान चालवले. त्यांची कन्या ही माझी सून. ती येथील महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते. एकाने शब्द फोडायचे, दुसरीने दगड, आणि या दोन्ही उद्योगांत विकण्याजोगे काहीच निघत नाही, याचे व्याह्यांना मनापासून वाईट वाटते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ते उमरीकडे एका सोयऱ्याच्या शेतातली नवी विहीर पाहावयास गेले होते. जळकोटकडचा खडक काळा. तिकडे विहिरीतून निघाला तो करडा-गुलाबी, ठिपक्याठिपक्यांचा ग्रॅनाइट. त्यातल्या एका तुकड्याच्या भेगेत लिंबाच्या सालीसारखे पिवळे, चौकोनी पापुद्रे दाटले होते. तुकडा देखणा म्हणून व्याह्यांनी पिशवीत घातला आणि गल्ल्यापाशी कागदांवर वजन म्हणून ठेवला. खऱ्या-खोट्या नोटा तपासावयाचा जांभळा दिवा तेथेच असतो. एकदा दगड सरकून त्या दिव्याखाली गेला आणि त्याचे पापुद्रे काजव्यांच्या थव्यासारखे हिरवेगार पेटले.

तत्काळ मला फोन आला.

"गुरुजी, देव निघाला! स्वयंभू! लई जागृत हाय."

"कशावरून?"

"दिवा लावला की उजळतो, बंद केला की झोपतो."

"तसा तर आमच्या घरचा पंखाही जागृत आहे."

"चेष्टा करू नका. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी अभिषेक तुम्हीच करायचा. सगळ्या बाजाराला तीर्थ देणार हाय मी."

व्याह्यांची विनंती, त्यात शिवकार्य. मी आनंदाने होकार दिला. सूनबाई शेजारी भेंडी चिरीत होत्या. त्यांनी विळी आडवी केली.

"मामा, पापुद्रे चौकोनी आहेत का? आणि उजेड हिरवा?"

मी हो म्हणताच त्यांचा चेहरा गंभीर झाला. बहुधा तो ऑट्युनाइट असावा, त्या म्हणाल्या, युरेनियमचे खनिज. ग्रॅनाइटच्या भेगांतून पाणी झिरपते, आतले युरेनियम विरघळवून आणते आणि चुना व फॉस्फरस यांच्या संगतीने पापुद्र्यांच्या रूपात मागे ठेवते. नखाने ओरखडा उठेल इतके ते मऊ असते. हिरवा उजेड हा त्याच्या किरणोत्साराचा नव्हे. नोटांच्या दिव्याचा जो भाग डोळ्यांस दिसत नाही, तो गिळून ते हिरवा करून परत देते, इतकेच. "दुरून बघायला काही भीती नाही. पण त्याची भुकटी नाकात जाता कामा नये, आणि त्यावरून ओघळलेलं पाणी पोटात तर मुळीच नको. अप्पा सगळ्या बाजाराला पाजणार आहेत."

त्यांनी वडिलांना फोन केला. "बापाला देव शिकवतीस व्हय गं?" एवढे म्हणून व्याह्यांनी तो बंद केला. मग सूनबाई माझ्याकडे पाहू लागल्या. तीर्थ माझ्याच हातून वाटले जावयाचे होते.

अभिषेकाच्या आदल्या दिवशी, रविवारी, सूनबाई आणि मी जळकोटला गेलो. दुकानामागच्या कोठारात चौरंग, त्यावर रेशमी खण आणि खणावर देव. व्याह्यांनी दार लोटून जांभळा दिवा लावला. सत्य सांगतो, माझे हात आपोआप जुळले. असा हिरवा मी कुठल्या पाचूतही पाहिला नाही.

सूनबाईंनी पिशवीतून किरणोत्सार मोजण्याचे लहानसे यंत्र काढून जवळ नेले. ते टिक्‌ टिक्‌ टिक्‌ करू लागले.

"ऐका!" व्याही गहिवरले. "जप चालू हाय देवाचा!"

"अप्पा, हे त्या दगडातून निघणारे किरण आहेत."

"मंग मी काय येगळं म्हणून राहिलो?"

इतक्यात मला खणावर पिवळा भुगा दिसला. या खनिजातच पाणी असते. कोरड्या उष्ण हवेत ते उडते आणि पापुद्रे निस्तेज होऊन गळू लागतात, असे सूनबाईंनी वाटेत सांगितले होते. पत्र्याखालच्या कोठारात तेच घडले होते. मी हर्षभराने म्हणालो, "व्याहीबुवा, मूर्ती खंडित झाली. खंडित मूर्तीची पूजा निषिद्ध."

व्याही शांतपणे हसले. "स्वयंभू लिंगाला खंडित झाल्याचा दोष न्हाई. पोरीच्या लग्नात मांडवात बसून तुम्हीच सांगितलं होतं, गुरुजी. मी पान लावता लावता ऐकत होतो."

सांगितले होते खरे. शास्त्रही तसेच आहे. आपल्याच विद्येने आपल्याला असे बांधून घातलेले मी प्रथमच अनुभवले. सूनबाईंनी कपाळाला हात लावला. बाहेर कुणीतरी उद्याच्या तीर्थासाठी तांब्याची घागर आणून ठेवल्याचा आवाज झाला.

मी मनोमन शंभूला शरण गेलो, आणि मग दृष्टी कोपऱ्यातल्या समईवर गेली.

"व्याहीबुवा, हा देव कोणत्या रूपाने प्रकटला? जलरूपाने?"

"छे. उजेडाच्या रूपानं."

"म्हणजे तेजोरूपाने. ब्रह्मा-विष्णूंपुढे उभा राहिलेला तो स्तंभही तेजाचाच होता. त्यावर त्यांनी अभिषेक केला?"

"न्हाई. त्यायनी नुसते हात जोडले."

"आता ही समई पाहा. हिलाही आपण नमस्कार करतो. हिच्यावर पाणी घालाल?"

व्याही दचकले. "इझंल की, गुरुजी!"

"मग?"

ते बराच वेळ समईकडे आणि दगडाकडे आळीपाळीने पाहत राहिले. शेवटी त्यांनी बाहेर तोंड करून हाक दिली, "घागर उचला रे! देव उजेडाचा हाय. तीर्थ न्हाई, नुसतं दर्शन!" आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बरं झालं वेळेवर बोललात. माझ्या हातून देव इझला असता."

मी जे बोललो ते अजूनही मला खरेच वाटते. सूनबाईंनी ओल्या फडक्याने भुगा टिपला, दगड काचेच्या झाकणाच्या डबीत ठेवला आणि सर्वांना साबणाने हात धुवावयास लावले.

बाजाराचे दर्शन आटोपल्यावर व्याह्यांनी ती डबी लेकीच्या हवाली केली, आणि आता ती महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात काचेच्या कपाटात आहे, वर जांभळ्या दिव्यासह. व्याही सोमवार साधून येतात, बेल काचेबाहेर ठेवतात, शिपायाकडून दिवा लावून घेतात. लोक दर्शनाआधी हात धुतात, व्याही दर्शनानंतरही धुतात, आणि मागे उभ्या विद्यार्थ्यांनाही दटावतात, "धुवा रे. देव लई कडक हाय." सूनबाई म्हणतात, त्यांच्या विभागातली शिस्त एवढ्यामुळे फारच सुधारली.

वाचकहो, आपल्या घरातला दिवा कधी न विझो, तांब्यातले पाणी सदैव निर्मळ राहो, आणि कुठला देव नाहवावा व कुठल्याला दुरून हात जोडावेत, हे सांगणारी एक तरी सून शंभू आपल्या घरी नांदवो.