‘अवघड’ लिहिलेली बरणी

त्याचा दिवस रोज पन्नास मिनिटांनी उशिरा सुरू व्हायचा. सोमवारी पहाटे चार, मंगळवारी पाचला दहा कमी, बुधवारी सहाला वीस कमी. ओहोटी लागली की तो पाण्यात, भरती चढली की बाहेर. आम्ही त्याला खरवड्या म्हणायचो. समुद्री प्रयोगशाळेसाठी तो धक्क्याच्या खांबांवरचा तपकिरी थर पातीने काढून आणायचा. दिसायला तो गंजच. भिंगाखाली मात्र टाचणीच्या टोकाएवढ्या हजारो जिवांची वसाहत, भिंतीला भिंत लावून. मी वर दोर धरायचो.

अशा घड्याळाने घर चालत नाही. तो जेवायला बसे तेव्हा बायको निजलेली असे. “तुमचं लग्न समुद्राशी झालंय, मी नुसती डबे भरणारी,” ती म्हणायची. लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडेच राहिली. भांडण असं काही झालं नाही. दोन ताटांचं एक ताट झालं, एवढंच.

थर दोन तऱ्हेचा आहे हे त्याच्या मनगटाला कळलं. एक पापुद्र्यासारखा अलगद सुटायचा. दुसऱ्याला दुप्पट जोर लागायचा आणि त्याचा चुरा पडायचा. त्याने प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांना सांगितलं.

“दिसतात सारखे ना? मग प्राणी एकच. पुस्तकं तुझ्या मनगटावरून लिहीत नाहीत रे!”

तरी त्याने दुसऱ्या थराची बरणी वेगळी ठेवली. वर लिहिलं : अवघड. साहेबांच्या बरण्यांत स्पिरिट असायचं. ते उडून जातं, म्हणून आपल्या बरणीत त्याने फॉर्मॅलिन घातलं आणि एकोणीस वर्षं न चुकता बदललं.

निवृत्तीच्या महिन्यात नव्या मॅडम आल्या. डीएनए तपासून या जिवांची नाती नव्याने लावायची, हे त्यांचं काम. त्यांनी बरणी उजेडात धरली.

“काका, यात काय घातलंय?”

“फॉर्मॅलिन. एक तुकडा सडू दिला नाही.”

मॅडमनी बरणी खाली ठेवली. “रूप टिकतं हो त्यानं. डीएनए तुटून जातो. ताजा तुकडा लागेल.”

धक्का तर नव्याने बांधलेला, त्याच्या खांबांवर तो थर नव्हता. खाडीच्या तोंडाशी जुना एकच खांब उरला होता आणि तोही शनिवारी उपटणार होते. कार्यालयातून होडीची मंजुरी यायला महिना गेला असता.

शेवटचा पगार त्याच्या खिशात होता. लेकीकडे जायला ठेवलेला. त्याने माझ्यासमोरच फोन लावला.

“बाबा, निघताय ना?”

“पुढच्या महिन्यात.”

“आई म्हणते, तिला माहीतच होतं.”

त्याने फोन ठेवला आणि होडीवाल्याकडे निघाला.

शुक्रवारी ओहोटी दुपारी दोनला होती. साठ वर्षांचा माणूस चाळीस मिनिटं पाण्याखाली. गार पाणी, गढूळ, हाताला लागेल तेवढंच दिसणारं. तळहाताएवढा तुकडा घेऊन तो वर आला. बोटं वळत नव्हती, झाकण मी लावलं. स्पिरिटच्या बरणीचं.

तीन महिन्यांनी मॅडमनी बोलावून सांगितलं, प्राणी दोन. सख्खे नाहीत, चुलतही नाहीत, कुळंच वेगळी. नव्या यादीत त्याच्या थराला स्वतंत्र जागा मिळाली.

“काका, मनगट बरोबर होतं तुमचं.”

संध्याकाळी त्याने लेकीला हे सगळं सांगितलं. “बरं झालं, बाबा,” ती म्हणाली. बायको फोनवर आली नाही. तिकीट अजून काढलेलं नव्हतं. काढायला पैसे उरले नव्हते. एकेचाळीस वर्षांच्या मजुरीचा शेवटचा पगार गेला तो एका दुपारच्या होडीत आणि हवेच्या टाकीत.