पाणी न पिणारे वस्ताद

मनुष्याच्या सर्व दुःखांचे मूळ त्याच्या मांड्या बारीक असण्यात आहे, असे निःशंकपणे मानणारा तत्त्वज्ञ मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या तापीकाठच्या गावातील तालमीचे वस्ताद. दर्शनशास्त्रांचे अध्ययन करताना मला मते पुष्कळ भेटली. पण इतके सुटसुटीत मत कोठे आढळले नाही. वस्ताद घरंदाज गुजर शेतकरी. शेती धाकट्या भावांवर सोपवून त्यांनी आपला देह तालमीच्या मातीला वाहिला होता. त्या तालमीच्या कोनाड्यातील मारुतीची पूजा आमच्या घराण्याकडे असल्यामुळे रोज पहाटे मी देवाला स्नान घालीत असे आणि मागे वस्ताद दंडबैठका मोजीत असत. माझ्या मंत्रांचा आणि त्यांच्या मोजणीचा ताल कधी एकमेकांत गुंतला, तर थांबावे मलाच लागे.

कोणालाही रामराम करण्यापूर्वी ते त्याचा दंड दाबून पाहत. गावात एकदा नवे मामलेदार आले. सारे गाव हात जोडून उभे असताना वस्तादांनी पुढे होऊन त्यांच्या कोटाची बाही चाचपली आणि चिंतातुर स्वरात विचारले, "रावसाहेब, हाई दंड शे का गिलकं?" मामलेदारांच्या दंडाला घोसाळे म्हटलेले ऐकून पाटलांचा चेहरा पांढरा पडला. पण दुसऱ्या दिवशी तेच मामलेदार एकटे तालमीत येऊन भिजवलेले हरभरे सालीसकट खावेत की सोलून, हे विचारून गेले. दुःखाच्या प्रसंगीही वस्तादांची विद्या विश्रांती घेत नसे. अंत्ययात्रा निघताना चार जण तिरडीला हात घालीत, तोच मागून हलक्या आवाजात सूचना येई, "कंबर वाकाडू नको रे भो, गुडघा वाकाड!" आणि शोकाकुल मंडळी डोळे पुसत गुडघ्यात वाकून तिरडी उचलीत. आमच्या गावी प्रेत उचलताना कोणाची कंबर धरली, असे मी ऐकले नाही.

दूरदूरच्या गावांतून पुरुष त्यांच्याकडे शंका घेऊन येत. दूध व्यायामाआधी घ्यावे की नंतर? "नंतर, दम ठिकाने उना म्हणजे." तुपाने अंग बनते की सुटते? "घाम काढशी तं बनी, नही काढशी तं सुटी." लग्न झालेल्याने मुद्गल फिरवावेत का? "बायकोले इचार, ती काय उत्तर दी ते माले सांग." एवढ्यावर माणसे संतुष्ट होऊन परतत. असंतुष्ट राहत ती केवळ मिरचीच्या निर्बंधाने पोळलेली. "मिरचीनं रक्त तपस, अन् तपेल रक्त डोकामां चढस," असे सांगून वस्तादांनी तालमीतील मंडळींना मिरची वर्ज्य केली होती. नंदुरबारच्या मुलखात मिरची सोडा म्हणणे म्हणजे श्वास सोडा म्हणण्यासारखेच. शिष्य मान डोलावीत आणि घरी जाऊन ठेचा खात. दुसऱ्या दिवशी वस्ताद त्यांच्या डोळ्यांत पाहून सारे ओळखीत व बैठका वाढवीत.

परंतु मिरचीचा नियम हा वस्तादांचा स्वतःचा होता. पाण्याचा नियम गुरूचा होता. त्या गुरूंनी अखेरच्या आजारात वस्तादांच्या मुठीत तालमीची माती देऊन वचन घेतले होते की, मारुतीला नमस्कार करून आत आल्यापासून अंगावरची माती झाडून बाहेर जाईपर्यंत पाणी ओठी लावणार नाही आणि कोणाला लावू देणार नाही. कोणी कारण विचारल्यास वस्ताद आपल्याकडच्या मांडे भाजण्याच्या मातीच्या खापराचा दृष्टांत देत : "तपेल खापरवर पानी टाकं का ते फुटी जास. मानूसबी तसाच."

त्यांच्या साऱ्या शिष्यांत त्यांचा सर्वाधिक जीव ज्याच्यावर होता, तो शिष्योत्तम म्हणजे रतनशेठ नावाचा मारवाडी किराणा दुकानदार. गादीवर बसून बसून त्याचे पोट मांडीवर विसावले होते. दोन वर्षांच्या तपश्चर्येनंतर त्याने हनुमान जयंतीला नाल उचलण्याचा संकल्प सोडला. नाल म्हणजे मधोमध मूठ कोरलेले दगडी कडे. त्याचे नुसते दर्शनही नम्र करणारे असते. जन्मोत्सव झाला, इतरांचे बळप्रदर्शन झाले, आणि रतनशेठची पाळी येईतो चैत्राचे ऊन पत्र्यावर तापून तालमीची भट्टी झाली होती. त्यातून त्याचा उपवास. "वस्ताद, एक घोट पानी पिऊ द्या, नही तं मी मरी जासू," तो म्हणाला. "नाल उचल, मंग बाहेर जाईसन विहीर पी," वस्ताद म्हणाले. त्याने नाल गुडघ्यापर्यंत आणला आणि नालासकट आडवा झाला. घाम थांबलेला, अंग तापलेले, डोळे वर गेलेले.

त्याला उचलून बाहेर नेण्यास चौघेही पुरेनात. वस्तादांनी त्याचे डोके मांडीवर घेतले. एकदा त्यांनी शिष्याकडे पाहिले, एकदा मारुतीच्या कोनाड्याकडे, जेथे देवाशेजारी त्यांच्या गुरूची पगडी ठेवलेली असे. त्यांचा तो चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. मग ते मला ओरडून म्हणाले, "शास्त्रीबुवा, तो अभिषेकना कलश लई या आठे!" मी नेला. त्यांनी अर्धा त्याच्या मस्तकावर ओतला व उरलेला हळूहळू त्याच्या मुखात घातला. कोणीतरी पुटपुटले, "वस्ताद, पानी?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी तत्काळ सांगितले की देवाच्या अंगावरून आलेले ते तीर्थ. शास्त्र त्याला पाणी मानीत नाही. थोड्या वेळाने रतनशेठने डोळे उघडले व क्षीण स्वरात भक्ती प्रकट केली, "वस्ताद, आखो थोडं तीर्थ द्या."

त्या दिवसापासून आमच्या मारुतीवर दंडबैठकांच्या प्रत्येक फेरीनंतर अभिषेक होऊ लागला. कलशाच्या जागी घागर आली, घागरीच्या जागी रांजण. वैशाखात मंडळींची श्रद्धा उचंबळून येई, पौषात ओसरे. पुढे तीर्थाला गुळाची आणि मिठाची चव येऊ लागली. मी मिठाविषयी नम्रपणे शंका काढली, तेव्हा वस्ताद म्हणाले, "जो देव समुंदर वलांडी गया, त्याले मीठनं काय वावडं?" 

वस्ताद स्वहस्ते सर्वांना तीर्थ देत. एका ज्येष्ठात, सारे गेल्यावर, ते पळी हातात घेऊन उभे होते. ओठ सुकून पांढरे झालेले. तेव्हा माझ्या ध्यानात आले की इतक्या वर्षांत त्यांनी स्वतः ते कधी घेतलेच नव्हते. मी म्हटले, "वस्ताद, तीर्थच आहे, तुम्हीही घ्या."

ते किंचित हसले. "तेस्ले तीर्थ शे, शास्त्रीबुवा," ते म्हणाले. "माले मालूम शे, ते पानी शे."

आणि माती झाडून ते विहिरीकडे निघाले.