राजाच्या चपला

शाळेच्या ऑफिसातल्या काळ्या फोनची घंटी अजून माझ्या कानात आहे. वसईच्या त्या शाळेत मी सत्तावीस वर्षं शिपाई होतो. शिक्षण चौथीपर्यंतचं. पण वर्गाबाहेर स्टुलावर बसून ऐकलेलं इतकं साचलंय, की एक किस्सा काढला की दुसरा आपणच मागून येतो. हे सगळे सोमण सरांचे, सत्त्याण्णव सालच्या आसपासचे.

सर दहावीला एक जुनं नाटक शिकवायचे. हट्टी राजा मुलीला घराबाहेर काढतो, आणि तिला भेटायला निघतो तेव्हा ती उरलेली नसते. राजा आतून कसा बदलत जातो, ते मुलांना काही कळेना. मग सरांनी माझ्या चपला मागून घेतल्या आणि टेबलापुढे ठेवल्या.

"या ज्याच्या पायात, तो राजा. बाकीच्यांनी विचारायचं. राजाने खरं सांगायचं."

त्या तासाला मी अनवाणी. पोरं म्हणायची, "मामा, तुमचं राज्य गेलं!"

*

पहिला राजा झाला एव्हरशाईन सिटीच्या नव्या इमारतींतला किरण. मुलीला का हाकललं, असं विचारल्यावर म्हणाला, "मूड ऑफ होता."

वर्ग हसला. सर म्हणाले, पहिल्या अंकात राजाला एवढंच कळतं, बरोबर आहे.

चौथ्या अंकाला पुन्हा त्यालाच उभं केलं. प्रश्न तोच. पोरगा चपलांकडे बघत म्हणाला,

"का ते आता आठवत नाही, सर. ती गेली, तेवढंच आठवतं."

*

वनिता खाडीकडची, बाप मिठागरावर. ती राजा झाली तेव्हा कोणी तरी विचारलं, एवढ्या राजवाड्यात तुला काय कमी पडलं?

"जेवताना पानी कोन देनार, तेच."

तिच्या बोलण्याला दोघंतिघं हसले. सरांनी त्यांना गप्प केलं. पुस्तकात याला दोन पानं लागली आहेत, म्हणाले.

*

आता फोनचं. सरांच्या मुलीने, मंजूने, स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि ती पुढच्याच स्टेशनाजवळ, तुळिंजला राहायला गेली. सरांनी तिचं नाव टाकलं. ती दर शनिवारी मधल्या सुट्टीत शाळेत फोन करायची. सर माझ्यासमोर उभे राहून हाताने नाही म्हणायचे. मी सांगायचो, सर तासावर आहेत.

"मधल्या सुट्टीतही तास, मामा?" एकदा म्हणाली. मग हळूच, "जेवतात ना नीट?"

दोन वर्षं हेच. शेवटच्या फोनवर म्हणाली, दिवस भरलेत, पुढच्या शनिवारी दवाखान्यात असेन, बाबांना सांगा. मी सांगितलं. सर वहीत बघत राहिले.

*

पुढच्या शनिवारी फोन वाजला नाही. सर सुट्टीभर त्या फोनपाशी उभे होते. डबाही उघडला नाही.

सुट्टीनंतर दहावीचा तास. पोरं हट्टालाच पेटली, आज राजा तुम्ही. सरांनी बूट काढले, माझ्या चपला घातल्या. पाच-सहा प्रश्नांची छान उत्तरं दिली. मग वनिता उठली.

"महाराज, पोरीचं घर लांब होतं?"

"नाही. अर्ध्या तासावर."

वर्गात पानं चाळल्याचा आवाज झाला. किरण म्हणाला, "सर, पुस्तकात तर सात दिवसांची वाट आहे."

तास संपायला वीस मिनिटं होती. सरांचे बूट टेबलाखालीच राहिले. ते दारातून बाहेर आले, माझ्या समोरून गेले. फाटक उघडून स्टेशनच्या रस्त्याला लागले, पायात माझ्याच चपला.