एम्ब्रिकची एकच रायफल

एम्ब्रिक दुधाचा टँकर चालवतो. हालिंगदाल खोऱ्याच्या आमच्या अंगाला जेवढे गोठे आहेत, त्या सगळ्यांचं दूध तोच उचलतो. त्यामुळे कुणाची गाय आटली हे त्याला त्या घरच्या माणसांच्या आधी कळतं. माणूस सज्जन, पण एखाद्या गोष्टीचा विचार करायला बसला की तिचा पार भुगा करतो. गुनवोरशी लग्न करावं की नाही यावर त्याने इतका विचार केला, की शेवटी तिनेच तारीख ठरवून त्याला कळवली.

आमच्याकडे घरटी दोन रायफली असतात. एक हलकी, शरदात जंगलात एल्क, म्हणजे घोड्याएवढं थोराड हरीण, मारायला. दुसरी जड, उन्हाळ्यात नेमबाजीच्या मैदानावर पालथं पडून तीनशे मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायला. यात डोकं चालवण्यासारखं काही आहे असं कुणाला कधी वाटलं नव्हतं. एम्ब्रिकला वाटलं. माणसाला नेम धरायला डोळा एक, टेकवायला खांदा एक, मग रायफली दोन कशाला?

यावर त्याने दोन हिवाळे घालवले. टँकर उभा करून तो गोठ्यागोठ्यात मतं विचारायचा. शिकारी सांगायचे, हलकी घे, डोंगर तुला चढायचाय. नेमबाज सांगायचे, जड घे, हलकी हातात उडते. कुणी लांब नळीच्या बाजूने, कुणी आखूड. एम्ब्रिकने सगळ्यांचा मान राखला आणि सगळ्यांच्या मधलं काहीतरी घेतलं. रायफल आली ती जंगलाला फार जड आणि मैदानाला जराशी हलकी. म्हणजे निदान तिला नावं ठेवण्यात तरी दोन्ही पक्षांचं एकमत झालं. वर मनगटाएवढी जाड दुर्बीण.

एकच म्हटल्यावर जुन्या दोन्ही घराबाहेर जायला हव्या होत्या. मैदानावरची त्याने क्लबला दिली. दुसरी त्याच्या वडिलांची होती. आखूड, बिनदुर्बिणीची, त्यांचा गाल टेकून टेकून दस्त्याचं लाकूड गुळगुळीत झालेली. ती त्याने मला दिली. माझी स्वतःची रायफल होतीच, पण मी शेजारधर्म म्हणून घेतली. शेजारधर्म पाळताना मला इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

गुनवोर तेव्हा एवढंच म्हणाली होती, "एकाच जोड्यात नाचायचं आणि त्यातच गोठा झाडायचा. बघा बाई."

आता खिंडीचं सांगायला हवं. आमच्या शिकारीच्या टोळीत ज्याची त्याची उभं राहायची जागा ठरलेली असते. सगळ्यांत मोक्याची जागा म्हणजे खिंड. कुत्र्याने उठवलेला एल्क बहुतेक तिथूनच निसटू बघतो. तिथे एम्ब्रिकचे आजोबा उभे राहिले, मग वडील, मग तो. पण टोळीची म्होरकी ओलाउग, आणि तिचा नियम साधा: खिंडीत उभं राहून जो समोरचा एल्क सोडेल, त्याने खिंड सोडायची आणि कुत्र्यामागे चिखल तुडवायचा. त्या घराण्यात हा नियम कुणाला लागला नव्हता. टँकर, घर, लग्न या सगळ्यांहून एम्ब्रिकला त्या खिंडीचा अभिमान जास्त होता.

उन्हाळाभर तो मैदानावर पालथा पडून होता. गुण बेताचेच. गुनवोर वाफल आणि तपकिरी चीज घेऊन यायची आणि कंटाळायची. एक दिवस ती म्हणाली, "सरक जरा." पडली आणि सगळ्या गोळ्या मधोमध एकाच जागी घातल्या. एम्ब्रिक उठून सगळ्यांना सांगत सुटला, बघा, रायफल किती चांगली आहे!

मैदानावर एकमेकांना शुभेच्छा देतात. जंगलात तसं करणं म्हणजे दुर्दैवाला हाक मारणं. जंगलात जाणाऱ्याला आम्ही 'शित याक्त' म्हणतो, म्हणजे तुझी शिकार घाण होवो. शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. पण मोसमाच्या पहिल्या सकाळी, सगळे कॉफी पीत उभे असताना, एम्ब्रिक ती तोफ खांद्यावर घेऊन आला आणि उन्हाळ्याच्या सवयीने प्रसन्नपणे म्हणाला, "शुभेच्छा, मंडळी."

ओलाउगचा कप तोंडापाशीच थांबला. "कुणाला म्हणालास?"

"सगळ्यांना."

"मला वगळ," ती म्हणाली आणि उरलेली कॉफी गवतावर ओतून टाकली.

रायफल खिंडीपर्यंत वर चढवता चढवताच एम्ब्रिकचा दम निघाला. पण एल्क आला, आणि कसा आला, तर गोठ्यात शिरणाऱ्या गाईसारखा सावकाश, हाकेच्याही अलीकडे. एम्ब्रिकने दुर्बिणीला डोळा लावला. दुर्बीण अजून तीनशे मीटरवरचा कागद बघायच्या बेतात होती. तो लहान-मोठं दाखवायची कडी फिरवत बसला, आणि एल्क त्याच्याकडे बघून, जरा विचार करून, खाली उतरला. खाली मी होतो. मी मारला, त्याच्या वडिलांच्या रायफलीने. आधी हरखलो, मग फार वाईट वाटलं.

संध्याकाळी कातडी सोलताना ओलाउगने विचारलं, "तुला दिसलं काय, एम्ब्रिक?"

"केस."

"कुठले?"

"ते कळलं असतं तर मारला नसता का?"

उरलेला मोसम त्याने कुत्र्यामागे चिखल तुडवला. खिंडीकडे मान वर करून बघायचासुद्धा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रायफल गुनवोरकडे गेली. तिने नेमबाजीच्या स्पर्धांतून बक्षिसाचे चांदीचे चमचे जिंकून आणायला सुरुवात केली, आणि एम्ब्रिक गोठ्यागोठ्यात ते चमचे दाखवत फिरू लागला. शरद आला तेव्हा ओलाउगने निरोप धाडला: खिंड परत घे, पण ती तोफ आणू नकोस.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात. गाईंविषयी बोलला, दुधाच्या स्निग्धतेविषयी बोलला, पावसाविषयी बोलला. मी आत जाऊन त्याच्या वडिलांची रायफल आणली आणि त्याच्या हातात ठेवली. गेल्या वर्षभरात ती मला फार आवडायला लागली होती, तरी म्हणालो, "ही घे. कायमची घेऊन जा. तुझीच आहे."

दस्त्याच्या गुळगुळीत जागेवरून त्याने अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"नको," तो म्हणाला. "उसनी दे. आमच्या घरात एकच रायफल असते."